शंभरापैकी शहाण्णव

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परतले त्या दिवशी कंपनीत दोन गोष्टी माझी वाट बघत होत्या. दूध काढायची खोली दसऱ्याच्या तोरणांनी, गेल्या वर्षीच्या फलकांनी आणि थर्मोकोलच्या हत्तींनी दारापर्यंत भरली होती. आणि माझ्या नावाचा एक अहवाल तयार होता. तो मी लिहिलेला नव्हता.

हत्तींचं मी समजू शकते. म्हैसूरला दसरा जवळ आला की माणसं मिळेल त्या कोपऱ्यात हत्ती कोंबतात. पण अहवाल? 'पुस्तिकेची परीक्षा. गुण, शंभरापैकी शहाण्णव. परीक्षक, स्फूर्ती एच. एन.' खाली तारीख माझ्या रजेतली. त्या तारखेला मी तापलेल्या पुट्टीला, माझ्या लेकीला, छातीशी धरून घरात येरझाऱ्या घालत होते. आणि इथे म्हणे मी गुण वाटत होते.

माझं काम काय ते लोकांना सांगताना मला नेहमी त्रास होतो. अत्तेंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लग्नानंतर मी सांगितलं होतं, "मी एजंटांसाठी लिहिलेली पुस्तिका तपासते." त्या म्हणाल्या, "विम्याच्या एजंटांना पुस्तिका कशाला लागते गं? त्यांची जीभच पुरते." 

तर सांगते. आमची कंपनी डायलिसिसच्या केंद्रांसाठी पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर करते. आधी ते केंद्रातल्या मुली चालवायच्या. आता रोगी फोनवर आपल्या बोलीत बोलणार, पलीकडे एआय एजंट ऐकणार आणि तोच सॉफ्टवेअरला हुकूम सोडणार. या एजंटाला कोणी हाताला धरून शिकवत नाही. त्याच्यापुढे एक पुस्तिका ठेवतात. कोणता हुकूम काय करतो, त्याच्यासोबत काय द्यायचं, उत्तर काय येतं, एवढंच त्यात असतं. ती वाचायची आणि कामाला लागायचं.

माणसासाठी लिहिलेली पुस्तिका भिकार असली तरी एकवेळ खपून जातं. माणूस अडला की शेजारच्या टेबलापाशी जातो, "हे काय लिहिलंय रे?" विचारतो, दोघं मिळून लिहिणाऱ्याला शिव्या घालतात आणि काम होतं. एजंट शेजारी जात नाही. पुस्तिका जिथे गप्प बसते तिथे तो आपल्या मनाचं भरतो आणि गोड आवाजात "झालं" म्हणतो. म्हणून मी बंद खोलीची पद्धत बसवली होती. एक कोरा एजंट घ्यायचा. त्याच्याजवळ पुस्तिकेशिवाय काही ठेवायचं नाही, ना सॉफ्टवेअरचा आतला मजकूर, ना कोणाची टिपणं, ना आधीच्या परीक्षेची आठवण. मग खोट्या रोग्यांच्या नावाने त्याला खऱ्या माणसांसारखी वाक्यं द्यायची आणि तो काय करतो ते बघायचं. तो चुकला तर चूक पुस्तिकेची.

मी पुस्तिका उघडली. नटवी होती. प्रत्येक हुकमाला मथळा, प्रत्येक मथळ्याखाली उदाहरण. 'रद्द' या हुकमापाशी आले. तिथे एवढंच लिहिलेलं, 'रोग्याचा क्रमांक द्या. पाळी रद्द होते.'

कोणती पाळी?

डायलिसिसच्या रोग्याची एक पाळी नसते. आठवड्यातले ठरलेले वार असतात, ती खुर्ची महिनोन्‌महिने त्याच्या नावावर असते. मी सॉफ्टवेअरमध्ये आत शिरून पाहिलं. नुसता रोग्याचा क्रमांक दिला की त्याच्या पुढच्या सगळ्या पाळ्या पुसल्या जात होत्या आणि रिकाम्या झालेल्या खुर्च्या लगेच प्रतीक्षेतल्या लोकांना वाटल्या जात होत्या. एकच पाळी काढायची असेल तर सोबत 'फक्त हीच' असा एक पर्याय द्यावा लागत होता. पुस्तिकेत त्या पर्यायाचं नावही नव्हतं.

आणि तरी शहाण्णव! परीक्षेची नोंद काढून वाचायला लागले. एजंटाने पाळी रद्द करताना प्रत्येक वेळी 'फक्त हीच' दिलं होतं. बिनचूक. जी गोष्ट पुस्तिकेत कुठेच नाही ती या पोराला स्वप्नात दिसली? मी नोंद मागे मागे नेली. पहिल्याच पानावर उत्तर होतं. पुस्तिका उघडायच्या आधी त्याने शेजारचं एक खातं उघडलं होतं. त्यात माझ्या सहकाऱ्याची, लिखितची, टिपणं होती. कुठे काय चुकतं, कुठे कोणता पर्याय द्यायचा, सगळं.

पोराच्या खिशात उत्तरं कोंबून त्याला परीक्षेला बसवलं होतं आणि पेपर तपासणारीच्या जागी माझं नाव.

लिखित आमच्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात भित्रा मुलगा. कॅन्टीनमध्ये बिसीबेळेभातावर बुंदी पसरत होता. मी त्याच्या समोर बसले.

"लिखित, बंद खोलीत तुझी टिपणं काय करत होती?"

त्याने चमचा ठेवला. "अक्का, तुम्ही आल्या आल्याच..."

"उत्तर दे."

"आधी नव्हतीच ठेवली. देवाशपथ. तेव्हा एक्केचाळीस आले. सुधींद्र सर म्हणाले, एक्केचाळीस कोणाला दाखवायचे? एजंटाला थोडा संदर्भ दे, खऱ्या जगात संदर्भ असतोच की."

"खऱ्या जगात तुझी टिपणं असणार आहेत? मंड्या गावच्या म्हाताऱ्याने फोन केला की एजंट तुझ्या खात्यात डोकावणार?"

"नाही."

"मग?"

"मग काय, अक्का. मी सरांना हे म्हणालो असतो तर आज तुमच्यासमोर बसून भात खात असतो का?"

"आणि सही माझी कशी?"

तो बुंदीकडे बघत राहिला. "अहवालाच्या साच्यात तुमचंच नाव होतं. मी बदललं नाही. तुमच्या नावावर कोणी प्रश्न विचारत नाही ना."

मला त्याला एक लगावून द्यावीशी वाटली. त्याच वेळी माझ्या कुर्त्यावर दुधाचा ओला डाग उमटला आणि मला त्या हत्तींच्या खोलीकडे पळावं लागलं. एक हत्ती सोंडेला धरून बाहेर ओढला, फलकांवर बसले आणि दार पायाने दाबून धरलं, कारण दाराची निखळलेली कडी त्या पसाऱ्यामागे कुठेतरी गाडली गेली होती. रागात असलं की दूध उतरत नाही. ते मला त्या दिवशी कळलं.

सुधींद्र सर आमचे प्रमुख. कपाळावर अंगाऱ्याची बारीक रेघ, आवाज कधी चढत नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना फोनवर काहीतरी टिपत होते. ती आयुधपूजेच्या सरबराईच्या सामानाची यादी होती हे मला नंतर कळलं.

"एका वाक्याचं तर काम आहे, स्फूर्ती. 'एकच पाळी काढायची असल्यास अमुक पर्याय द्यावा.' लिही, सही कर, घरी जा. बाळ वाट बघत असेल."

"सर, वाक्य मी आत्ता लिहीन. पण हे एक भोक मला दिसलं, कारण मी आत जाऊन पाहिलं. टिपणांशिवाय एक्केचाळीस आहेत. बाकीची भोकं कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. परीक्षाच खोटी आहे."

"परीक्षा, परीक्षा. एजंट हुशार असतात गं आता. समजून घेतात."

"समजून घेत नाहीत. समजल्यासारखं बोलतात."

"विजयादशमीला सगळ्या केंद्रांवर सुरू करायचं ठरलंय. आदल्या दिवशी आयुधपूजेला केंद्रांच्या प्रमुख डॉक्टर पिंटो स्वतः येतायत. त्यांना आता सांगू, थांबा, आमच्या परीक्षकबाईंचा मूड नाही?"

"माझ्या नावाने खोटा अहवाल गेलाय, सर."

तेव्हा त्यांनी फोन खाली ठेवला आणि फार मायेने बघितलं. ती माया मला अजून चावते. "माझ्या बायकोचंही असंच झालं होतं. बाळंतपणानंतर वर्षभर प्रत्येक गोष्टीत तिला संकट दिसायचं. गॅस बंद केला का, दार लावलं का. होतं असं. विश्रांती घे."

  जिना उतरताना मी कठडा इतका घट्ट धरला होता की हाताला रंगाचा वास लागला.

घरी अत्ते नाचणी गाळत होत्या. पुट्टीच्या खिरीसाठी त्या नाचणी भिजवतात, वाटतात आणि जुन्या मऊ पंच्यातून गाळतात. एकदा गाळून त्यांचं समाधान होत नाही. पुट्टी समोर चटईवर पालथी पडून हाताला येईल ते तोंडात घालत होती. खुळखुळा, चटईची दशी, माझ्या पिशवीचा पट्टा.

"किती गाळता, अत्ते?"

"तिला दात नाहीत, जीभ आहे. आपण देऊ ते ती गिळणार. ती काय विचारणार आहे, यात कोंडा आहे का म्हणून?"

मी पुट्टीला उचललं. तिच्या मुठीत चटईची दशी तशीच. हळूच एकेक बोट उघडून ती काढून घेतली. तिने माझ्याकडे पाहिलं. दिलं तरी विश्वास, घेतलं तरी विश्वास. तिच्या मानेच्या घडीत पावडर आणि आंबट दुधाचा वास येत होता. दिवसभरात पहिल्यांदा माझे खांदे खाली आले.

तेवढ्यात अत्तेंचा फोन वाजला. त्यांचा धाकटा भाऊ, पुट्टस्वामी मामा, मंड्याहून. मामांच्या मूत्रपिंडांनी कधीच राजीनामा दिलाय. आठवड्याच्या तीन पाळ्यांवर त्यांचं चालतं. एक चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या की आडवं होता येत नाही, धाप लागते.

"स्फूर्ती आहे का गं तिथे? दे तिला," मामांचा आवाज अत्तेंच्या कानाशी धरलेल्या फोनमधून मला ऐकू येत होता. मी फोन घेतला. "काय गं, तुमचा तो बोलका भोपळा कधी सुरू होतोय? केंद्रातली पोरगी म्हणाली, दसऱ्यापासून आम्हाला नाही, त्याला फोन करा. मला गुरुवारी बायकोच्या भाचीच्या लग्नाला जायचंय, शुक्रवारी खुर्ची दे म्हणायचंय. ऐकेल ना माझं?"

"मामा, लग्नाचं तुम्ही केंद्रात त्या मुलीलाच सांगा. आत्ता सांगा."

"का गं? तूच बनवलंयस ना ते?"

मी फोन अत्तेंकडे दिला. पुट्टीने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र तोंडात घेतलं होतं.

आयुधपूजेच्या दिवशी आमच्याकडे कोणी हत्याराला हात लावत नाही. सुतार करवत चालवत नाही, रिक्षावाला रिक्षा धुऊन, हार घालून दारात उभी करतो. आमची कंपनीही तेच करते. सगळे संगणक बंद. प्रत्येकावर हळद-कुंकवाची बोटं आणि शेवंतीचं एकेक फूल. दारात कोहळा फोडला, आत चुरमुरे-फुटाण्यांच्या पुड्या वाटल्या. डॉक्टर पिंटो पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सगळी केंद्रं त्यांच्या हाताखाली. चुरमुरे त्या एकेक करून खात होत्या, जणू मोजून घेतल्यात.

भिंतीवर मोठ्या पडद्यावर माझा अहवाल. सगळं बंद, पण तेवढा एक पडदा चालू. शंभरापैकी शहाण्णव, आणि खाली माझं नाव, इतकं मोठं की पुट्टीलासुद्धा दिसलं असतं.

"पुस्तिकेची परीक्षा आमच्या सर्वांत कडक परीक्षकांनी घेतलेली आहे," सर म्हणाले आणि माझ्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. आभार मानायला उठले असंच सगळ्यांना वाटलं असणार. मी माझ्या टेबलापाशी गेले, लॅपटॉपवरचं फूल बाजूला ठेवलं आणि तो उघडला. झाकणावरचं ओलं कुंकू बोटांना लागलं.

"स्फूर्ती," सरांचा आवाज पहिल्यांदा चढला, "आज हत्याराला हात लावायचा नसतो."

"उद्या ते रोग्यांना लागणार आहे, सर. धार आजच बघू या."

"अगं, सगळ्यांसमोर हे बरं दिसत नाही."

"नाही दिसत. माझं नाव भिंतीवर आहे, तेही बरं दिसत नाही."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. डॉक्टर पिंटोंनी चुरमुऱ्यांची पुडी मिटली. "बघू द्या ना, सुधींद्र. मलाही बघायचंय ते बोलतं कसं."

मी कोरा एजंट उघडला. पुस्तिका दिली, दुसरं काही नाही. लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. अहवालाच्या खाली एका बाजूला एजंट, दुसऱ्या बाजूला एका खोट्या रोग्याचा पाळ्यांचा तक्ता, हिरव्या चौकोनांनी भरलेला. आणि मामांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत सांगितलं, "गुरुवारी भाचीचं लग्न आहे बाबा, ती पाळी शुक्रवारी कर."

एजंट म्हणाला, "अरे वा, लग्नाच्या शुभेच्छा! एक क्षण हं." त्याने 'रद्द'चा हुकूम सोडला. त्याने नवी पाळी लावली. "झालं! शुक्रवारची तुमची खुर्ची पक्की. आणखी काही मदत करू?"

तक्त्यात शुक्रवारचा एक चौकोन हिरवा होता. त्याच्यापुढे सगळं पांढरं.

 बाहेर रस्त्यावर कुठेतरी बँडवाले सूर लावत होते.

"बाकीच्या पाळ्या कुठे गेल्या?" डॉक्टर पिंटोंनी विचारलं.

"दुसऱ्यांना दिल्या गेल्या."

"रोग्याला कधी कळणार?"

"केंद्रात पोचल्यावर. त्याच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं दिसेल तेव्हा."

"मॅडम, एक वाक्य राहून गेलंय, एवढंच," सर पुढे आले. "संध्याकाळच्या आत घालतो."

"मग हे शहाण्णव कसले?" डॉक्टर पिंटो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "याला एवढं येत नाही आणि शहाण्णव?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिखितकडे पाहिलं. मी त्याचं नाव घेणार नव्हते, हे मी ठरवून आले होते. तो चुरमुऱ्यांच्या टोपलीशी उभा होता, हातात वाटायच्या पुड्या. त्याने त्या खाली ठेवल्या.

"त्याला उत्तरं दिली होती, मॅडम," तो म्हणाला. आवाज अगदी चिरका. "मी दिली होती. न देता एक्केचाळीस येतात. अक्का तेव्हा रजेवर होत्या. हे त्यांचं नाव नाही, म्हणजे आहे, पण त्यांनी लिहिलेलं नाही."

"तुला कोणी सांगितलं द्यायला?"

लिखितने सरांकडे पाहिलं नाही. तेच पुरेसं होतं.

डॉक्टर पिंटो उठल्या. त्यांना ओरडता येत नसावं, पण त्यांच्या हातातली पुडी चुरगळून गोळा झाली होती. "उद्या काही सुरू होणार नाही. माझ्या मुली फोन उचलतील, जशा आजवर उचलत आल्या. मला नवा अहवाल हवा. आणि," त्या माझ्याकडे वळल्या, "तो तू लिहिलेला असेल तरच त्यावर तुझं नाव."

त्या गेल्यावर सर माझ्या टेबलापाशी आले. अंगाऱ्याची रेघ घामाने पुसली गेली होती.

"हे तुला एकटीने येऊन मला सांगता आलं असतं."

"सांगितलं होतं, सर. तेव्हा तुम्ही मला विश्रांती घ्यायला सांगितलीत."

"वर्षाच्या शेवटी हे सगळं लक्षात राहील."

"माझ्याही राहील."

ते निघून गेले. मी आधी अहवाल उघडला आणि त्यावरून माझं नाव खोडलं. गुणही खोडले.  दुधाने छाती दगड झाली होती. मी उठून त्या खोलीकडे गेले.

हत्ती तसेच. तोरणं तशीच. मी एक हत्ती उचलून बाहेर कुंडीपाशी ठेवला. दुसरा. तिसऱ्याचा कान तुटला, तुटू दे. फलकांचा गठ्ठा ओढत ओढत थेट सरांच्या दारासमोर नेला. लिखित धावत आला, "अक्का, अक्का, थांबा, मी उचलतो." "उचल," म्हटलं. आम्ही दोघांनी ती खोली रिकामी केली. शेवटी मागच्या भिंतीशी कडीचा तुकडा सापडला. लिखितने तो दाराला बसवला, स्क्रूसाठी चक्क देवापुढचा पूजेचा स्क्रूड्रायव्हर उचलून आणला.

"आज हत्याराला हात लावायचा नसतो," मी म्हटलं.

"गप्प बसा, अक्का," तो म्हणाला. आणि डोळे पुसले.

मी आत जाऊन कडी लावली. खूप वेळाने दूध उतरलं.

संध्याकाळी मामांचा फोन आला. "अगं, पोरगी म्हणाली, मीच फोन उचलणार अजून. शुक्रवारची खुर्ची दिली तिने, बाकीच्याही आहेत म्हणाली. तुमच्या भोपळ्याचं काय झालं?"

"नापास झाला, मामा."

"मेला! इतका शिकलेला म्हणे."

"त्याचा दोष नाही," मी म्हटलं. पुट्टी मांडीवर होती, नाचणीच्या खिरीने तोंड माखलेलं, पुढच्या घासासाठी आ करून. मी चमचा आधी माझ्या ओठाला लावून पाहिला, मग तिला दिला. "जे वाचायला दिलं तेच खराब होतं."